अंदाजातली वाऱ्याची ओळ

व्हॉट, व्हेअर, व्हेन, इम्पॅक्ट्स. आमच्याकडचा हिवाळा या चार शब्दांत येतो. न्यूयॉर्क राज्यातल्या आमच्या बफेलोच्या विमानतळाजवळ नॅशनल वेदर सर्व्हिसचं, म्हणजे अमेरिकेच्या हवामान खात्याचं ऑफिस आहे, तिथून वॉर्निंग निघाली की फोनवर याच चार मथळ्यांखाली सगळं मांडलेलं असतं, काय होणार, कुठे होणार, कधीपासून कधीपर्यंत आणि त्यात तुमचं काय काय अडणार. पहिल्याच ओळीत बर्फाचे इंच. 'जिथे बर्फाचा पट्टा जास्त वेळ टिकेल तिथे एक ते तीन फूट.' आणि त्याच ओळीच्या शेपटाला, कोणी वाचलं तर वाचलं अशा थाटात, 'वाऱ्याचे झोत ताशी ४५ मैलांपर्यंत.'

सगळे इंच वाचतात. व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट फिरतो तोही इंचांच्या नकाशाचा, आपल्या गावावर जास्त बर्फाचा जांभळा रंग आलाय का ते बघायला. वाऱ्याची ओळ कोणी फॉरवर्ड करत नाही. आणि माझं म्हणणं, हवं तर हट्ट म्हणा, असं आहे की वाचायची ओळ तीच आहे. बर्फ जास्त पडला तर कंबर धरते, फावडं मारून मारून. वारं जास्त सुटलं तर माणूस घरी पोचत नाही.

हे माझ्या डोक्यात भरवलं ते इथल्या एका काकूंनी. काकू मूळच्या कोल्हापूरच्या, सत्तरच्या दशकात लग्न होऊन थेट बफेलोत आलेल्या, म्हणजे इंडियन ग्रोसरी नाही, इंटरनेट नाही, आईशी बोलायचं तर ट्रंक कॉल लावून ताटकळत बसायचं, त्या काळात. आमच्या मराठी ग्रुपवर कोणीही 'उद्या किती इंच आहे?' असं टाकलं की काकूंचा व्हॉइस मेसेज आलाच, "इंच काय बघतीस गं, वारं बघ वारं."

आता हे तळ्याचं प्रकरण आधी सांगायला पाहिजे, कारण त्याशिवाय बफेलोचा हिवाळा कळत नाही. लेक ईरी म्हणजे आपल्या डोक्यातलं तळं नव्हे, लांबी ३८८ किलोमीटर, आणि आडवं पसरलेलं, पश्चिमेच्या टोकाला टोलेडो आणि पूर्वेच्या टोकाला आम्ही. नोव्हेंबर-डिसेंबरात पाण्यात उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते, आणि कॅनडाकडची गार कोरडी हवा त्या लांबीवरून येते, येताना वाफ आणि उष्णता दोन्ही पिऊन घेते. पाण्याचं तापमान आणि दीडेक किलोमीटर उंचीवरच्या हवेचं तापमान यात साधारण १३ अंश सेल्सियसचा फरक पडला की ढग उभे राहायला लागतात आणि किनारा ओलांडला की सगळं ओझं आमच्या दारात उतरवतात. कधी कधी चक्क विजा कडाडतात, बर्फ पडत असताना. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं शेजाऱ्यांनी काहीतरी मोठं पाडलं.

आणि ढगांचा हा पट्टा अरुंद असतो, कधी कधी जेमतेम १०-१५ किलोमीटर रुंद. २०१४ च्या नोव्हेंबरात शहराच्या दक्षिणेकडच्या उपनगरांत पाच फुटांच्या वर बर्फ साचला, मोठ्या हायवेवर शेकडो गाड्या अडकल्या, आणि काही किलोमीटर उत्तरेला लोक नेहमीसारखे ऑफिसला गेले. तेव्हाचे फोटो बघा, निळ्या आकाशाखाली एक पांढरी भिंत उभी आहे आणि भिंतीच्या अलीकडे ऊन. मी वाईची, त्यामुळे मला हे पटायला वेळ लागला नाही. वाईहून पसरणीचा घाट चढून महाबळेश्वर फक्त तीसेक किलोमीटर, तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि वाईत त्याच्या पावसुद्धा नाही. लहानपणी आम्ही अंगणात कोरडे उभे राहून तिकडचे काळे ढग बघायचो. फरक इतकाच की सह्याद्री जागचा हलत नाही. इथला पट्टा हलतो, आणि त्याला हलवतो वारा. नैऋत्येकडून आला तर पट्टा उत्तरेला आमच्या ॲम्हर्स्टवर किंवा त्याच्याही वर नायगाऱ्याकडे, जरासा पश्चिमेकडे वळला की दक्षिणेकडच्या गावांवर. दहा अंश इकडचे तिकडे झाले की कोणाच्या ड्राइव्हवेवर तीन फूट आणि कोणाच्या ड्राइव्हवेवर ऊन, हे ठरलं. म्हणजे इंचांचा आकडासुद्धा शेवटी वाऱ्याच्याच हातात. आणि लोक म्हणतात अंदाज चुकला!

वेदर सर्व्हिसचं एक पान आहे जे मला वॉर्निंगपेक्षा जास्त आवडतं, फोरकास्ट डिस्कशन. ते जनतेसाठी नसतंच मुळात, हवामानवाल्यांनी एकमेकांसाठी लिहिलेलं असतं, कुठलं मॉडेल काय म्हणतंय, आम्हाला त्यातलं कुठलं का पटत नाही, खात्री किती आहे. पूर्वी हे सगळं कॅपिटल अक्षरांत यायचं, जुन्या टेलिप्रिंटरच्या जमान्यापासूनची सवय, २०१६ मध्ये कुठे ती सोडली. त्यात माणूस दिसतो. पट्टा नक्की कुठे थांबेल हे आत्ता सांगता येत नाही असं सरळ लिहितात, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही, उलट विश्वास वाढतो. आपल्याकडे 'तुरळक ठिकाणी' या दोन शब्दांवर पिढ्यान्‌पिढ्या विनोद झालेत, पण जिथे हवाच तुरळक वागते तिथे दुसरं लिहिणार तरी काय. वाऱ्याच्या वेगाबाबत मात्र ही मंडळी बऱ्यापैकी ठाम असतात, कारण वारा हा अख्ख्या वादळाच्या दाबावर ठरतो, दहा किलोमीटरच्या पट्ट्यावर नाही. हेही एक कारण की ती ओळ वाचावी.

२०२२ साली तर बफेलोने या वादाचा निकालच लावून दिला, तोही सहा आठवड्यांच्या आत दोनदा. नोव्हेंबरात दक्षिणेकडच्या ऑर्चर्ड पार्क आणि हॅम्बर्गकडे ८० इंच बर्फ. ऐंशी! म्हणजे माझ्या उंचीपेक्षा बराच वर. फुटबॉलची मॅच उचलून डेट्रॉईटला नेली, रस्ते बंद, ट्रकवर बंदी, पण मृत्यू अगदी मोजके, तेही बर्फ उपसताना हृदयविकाराचा झटका येऊन. बर्फ सरळ खाली पडत होता, दिसत होतं, मदत पोचत होती. मग नाताळ. त्या वेळी विमानतळावर ५० इंचांच्या आसपास, म्हणजे नोव्हेंबरच्या आकड्यापेक्षा बराच कमी, आणि तरी आमच्या ईरी काउंटीत, म्हणजे बफेलोच्या जिल्ह्यात, चाळीसहून जास्त माणसं गेली. काही गाडीत, काही पायी निघालेली रस्त्यात, काही स्वतःच्या घरात थंडीने, काहींकडे ॲम्ब्युलन्स पोचलीच नाही.

फरक होता वाऱ्याचा. झोत ताशी ७० मैलांच्या वर, म्हणजे ११० किलोमीटरहून जास्त, आणि ते तासभर-दोन तास नाही, सलग ३७ तास ब्लिझर्ड. ब्लिझर्डची व्याख्या लोकांना माहीत नसते म्हणून सांगते. ताशी ३५ मैल, म्हणजे ५६ किलोमीटर, इतका सलग वारा किंवा वारंवार तेवढे झोत, आणि बर्फ उडून पाव मैलापलीकडचं म्हणजे ४०० मीटरपलीकडचं दिसत नाही, असं किमान तीन तास. बस. त्यात किती इंच पडले पाहिजेत हे कुठेच नाही. नवीन बर्फ पडलाच पाहिजे अशीसुद्धा अट नाही, जमिनीवरचा उडाला तरी चालतो. त्या शुक्रवारी सकाळी तर आधी पाऊस पडत होता, स्वेटरवर भागेल अशी हवा, आणि मग काही तासांत पारा असा कोसळला की ओले रस्ते जागेवर गोठले. प्रवासबंदी साडेनऊला लागली, तोवर माणसं कामावर निघून गेली होती, त्यावर नंतर शहरात बरंच बोललं गेलं, चौकशीचे अहवाल आले. पण अंदाज चुकला नव्हता हे मुद्दाम सांगायला पाहिजे. वेदर सर्व्हिसने काही दिवस आधीच 'पिढीतून एखादंच' असं वादळ म्हणून सांगितलं होतं, वाऱ्याच्या आकड्यासकट. लोकांनी वाचले इंच, आणि इंचांना बफेलोत कोण घाबरतो? नोव्हेंबरचे ८० पचवून बसलेलं शहर ते.

आई तेव्हा वाईहून रोज व्हिडिओ कॉल करायची. "अगं, टीव्हीवर किती बर्फ दाखवतायत, तुमच्याकडे दार तरी उघडतं का?" मी म्हटलं, "आई, दार उघडतंय, पण उघडून बघितलं तर काहीच दिसत नाहीये." तिला ते कळेना. दुपारचे बारा वाजलेत, उजेड आहे, आणि दिसत कसं नाही? मग मी फोन खिडकीला धरला. पडद्यावर नुसता पांढरा रंग. तिला वाटलं नेटवर्क गेलं.

काकूंना हे सगळं जुनं होतं. त्यांचं वादळ १९७७ चं, २८ जानेवारी, तोही शुक्रवारच. आणि ७७ ची गोष्ट म्हणजे वाऱ्याच्या बाजूने असलेला सगळ्यात मोठा साक्षीदार. त्या वर्षी थंडी इतकी लवकर पडली की लेक ईरी डिसेंबरच्या मध्यालाच गोठलं होतं. इथे पक्का समज असा की तळं गोठलं म्हणजे सुटलो, वाफ बंद तर बर्फ बंद, आणि एरवी ते खरंही आहे. ईरी उथळ, सरासरी खोली १९ मीटर, त्यामुळे ते बाकीच्या मोठ्या तळ्यांच्या आधी गोठतं. पण गोठलेल्या तळ्यावर महिनाभर पडलेला भुसभुशीत बर्फ तसाच पसरलेला होता, मैलोन्‌मैल, अडवायला एक झाड नाही. वादळाचा वारा सुटला, झोत ६९ मैलांपर्यंत, आणि त्याने ते सगळं उचलून शहरात आणून ओतलं. आकाशातून त्या दिवसांत पडलेला नवीन बर्फ जेमतेम फूटभर. इंचांच्या नकाशावर ते वादळ फिकट निळं दिसलं असतं. माणसं गेली २९. बफेलोच्या प्राणिसंग्रहालयात बर्फाचा ढीग कुंपणाच्या उंचीला लागला आणि तीन रेनडिअर त्यावरून चालत बाहेर पडले, हे इथल्या शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. राष्ट्राध्यक्ष कार्टरनी केंद्राकडून आपत्ती जाहीर केली, बर्फाच्या वादळासाठी तसं पहिल्यांदाच झालं.

काकूंचे मिस्टर तेव्हा कारखान्यात अडकले, घरी काकू आणि तान्हं बाळ. त्या सांगतात, "दूध होतं, तांदूळ होते, पण आवाज गं. रात्रभर नुसता आवाज. बर्फाला आवाज नसतो, तो गुपचूप पडतोय. वारं मात्र बोलतंय." काकू एरवी कुठलीही गोष्ट फुलवून सांगतात, ही मात्र चार वाक्यांत आटपतात आणि लगेच चहाचं विचारतात.

वारा बर्फाचं काय करतो ते जवळून बघितल्याशिवाय खरं वाटत नाही. कोरडा बर्फ ताशी २५-३० किलोमीटरच्या वाऱ्यातच जमिनीवरून सरकायला लागतो, आधी घोट्याच्या उंचीवर धुरासारखा, मग गुडघ्याला, मग डोक्यावरून. चित्रातल्या त्या सहा पाकळ्यांच्या चांदण्या वगैरे काही उरत नाहीत, आपटून आपटून त्यांचा चुरा होतो, आणि हा चुरा जिथे बसतो तिथे असा घट्ट बसतो की त्यावर माणूस उभा राहिला तरी खचत नाही. फावडं नुसतं टणकन वाजतं. आमच्या गॅरेजच्या दाराला खाली रबराची पट्टी आहे, एका कोपऱ्यात ती जराशी उचलली गेलीये, करंगळी जाणार नाही एवढी. रात्रभर वारा झाला की सकाळी आत, सिमेंटवर, त्या फटीपासून गाडीच्या चाकापर्यंत बर्फाची रेघ निघालेली असते, चिमटीतून रांगोळी सोडावी तशी, टोकाला बारीक होत गेलेली. बाहेर त्याच दाराच्या एका बाजूला गवत उघडं पडलेलं, मागच्या उन्हाळ्यातलं पिवळं गवत, आणि दुसऱ्या बाजूला छातीएवढा ढीग. आता सांगा, आमच्याकडे किती इंच पडला?

हा प्रश्न मोजणाऱ्यांनाही पडतो बरं का. बर्फ मोजायला पांढरी फळी ठेवतात, ठरावीक तासांनी तिच्यावरची जाडी मोजून फळी साफ करायची आणि परत ठेवायची. शांत हवेत उत्तम. पण वारा सुटला की फळीवरचाच उडून जातो, नाहीतर शेजारचा येऊन बसतो, मग दहा ठिकाणी पट्टी खुपसायची आणि सरासरी काढायची. म्हणजे ज्या वादळात माणसं जातात त्याच वादळात इंचांचा आकडा सगळ्यात कच्चा. आणि आपण तोच आकडा आयुष्यभर सांगत फिरतो, आमच्या वेळी इतके फूट पडला होता म्हणून.

घरातसुद्धा वारा बाजू बघून येतो. आमच्या फर्नेसचे, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीचे, दोन पांढरे पाइप बाहेरच्या भिंतीतून निघतात, एक हवा आत घेणारा आणि एक धूर बाहेर टाकणारा, जमिनीपासून फार वर नाहीत, आणि आहेत नेमके त्या बाजूला जिथे ढीग साचतो. ते बुजले तर फर्नेस बंद पडते, आणि नशीब वाईट असलं तर कार्बन मोनॉक्साइड घरात. त्यामुळे वॉर्निंगमध्ये ४० मैलांच्या वरचा वारा दिसला की नवरा फावडं आणि डोक्याला टॉर्च घेऊन दर दोन-तीन तासांनी त्या बाजूला जाऊन येतो. नुसता फूटभर शांत बर्फ असेल तर खुशाल झोपतो. आमच्या घरातली तयारी इंचांवर नाही, वाऱ्यावर ठरते, हे त्याने कधी बोलून नाही दाखवलं, पण करतो तेच.

विंड चिलचं मी फार बोलत नाही, ते सगळ्यांना माहीत असतं. उणे १० ला ५० किलोमीटरचा वारा लागला की उघड्या कातडीला उणे २२ चा मार बसतो, एवढंच. त्यावर टोपी आहे, हातमोजे आहेत. न दिसण्यावर काही नाही.

तर २०२४ ची संक्रांत. त्या वर्षी संक्रांत होती सोमवारी, १५ जानेवारीला, म्हणून हळदीकुंकू आदल्या दिवशी रविवारी ठेवलं. वाण आणून झालेलं, तिळगूळ करून झालेला, कोणीतरी लहान बाळाच्या बोरन्हाणासाठी बोरं मिळत नाहीत म्हणून क्रॅनबेरी घेऊन ठेवलेली. गुरुवारी वॉर्निंग आली. दक्षिणेकडे फुटांच्या भाषेत, आमच्या भागाला त्यामानाने थोडा बर्फ, आणि वाऱ्याचे झोत ६० मैलांच्या आसपास. ग्रुपवर लगेच सुरू. एकीने लिहिलं, ॲम्हर्स्टला काही विशेष नाहीये, एवढ्यात तर मी पोरांना क्लासला सोडून येते. दुसरी म्हणाली, नवीन टायर टाकलेत, येईन मी. तिसरीने नुसताच नकाशा टाकला, बघा आपण फिकट निळ्यात आहोत. सगळ्या शहाण्या बायका, त्यात एक डॉक्टर, दोन इंजिनियर.

मग काकूंचा मेसेज. आवाज चढलेला. "फिकट निळ्यात आहोत म्हंजे काय? सत्त्याहत्तरला पण फिकट निळ्यातच होतो आम्ही. कोणी येणार नाही, मी दार उघडणार नाही." कार्यक्रम काकूंच्याच घरी होता, त्यामुळे प्रश्न मिटला. शनिवारी रात्रीपासून काउंटीत प्रवासबंदी लागली आणि रविवारची फुटबॉलची प्लेऑफची मॅचसुद्धा सोमवारवर ढकलली. बफेलोत मॅच पुढे जाते म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यालाच कळेल, इथे लोक शर्ट काढून बर्फात बसतात मॅच बघायला. स्टेडियम उपसायला तासाला २० डॉलर देऊन माणसं बोलावली.

रविवारी दुपारी, ज्या वेळेला आम्ही काकूंकडे जाणार होतो त्या वेळेला, मी समोरच्या खिडकीत उभी होते. झोत आला की समोरचं घर गायब, झोत ओसरला की परत जागेवर. त्या मधल्या वेळात बघितलं तर रस्त्यावर बर्फ खरंच फार नव्हता. नकाशा बरोबरच होता. टायरही चालले असते. रस्ता कुठे संपतो आणि खड्डा कुठे सुरू होतो एवढंच फक्त दिसलं नसतं.

हळदीकुंकवाला रथसप्तमीपर्यंत मुदत असते, आपल्या लोकांनी हे फार विचार करून ठेवलंय, कार्यक्रम पुढे ढकलला तरी कोणाचं काही अडलं नाही. तिळगूळ तेवढा दगड झाला होता.

त्यानंतर ग्रुपवर नियम करायचं ठरलं, दरवेळी वाद नको म्हणून. मी लिहिलं, इंच कितीही असोत, वॉर्निंगमध्ये झोत ४५ मैलांच्या वर दिसले की कार्यक्रम आपोआप रद्द, चर्चा नाही. त्यावर इंजिनियरबाई विचारतायत की ४५ हा झोताचा आकडा की सलग वाऱ्याचा, आणि मोजायचा विमानतळावरचा की तळ्याकाठचा, कारण दोन्हींत बराच फरक असतो. टायरवालीचं म्हणणं ५० ठेवा, नाहीतर मार्चपर्यंत भेटच व्हायची नाही. काकू ४० वर अडून बसल्यात. ग्रुपवर पोल टाकलाय, आत्तापर्यंत ४५ पुढे आहे, पण काकूंनी अजून त्यांच्या सुनेला ग्रुपमध्ये घेतलेलं नाही.